गोळी बदलण्याआधी रक्त तपासा

नैराश्याच्या पेशंटला पहिली गोळी लागू पडली नाही की दुसरी देतात, दुसरी लागू पडली नाही की तिसरी. मधल्या काळात घरात उपास-तापास होतात, उज्जैनला जाऊन महाकालाचं दर्शन होतं, पुण्याच्या नातेवाइकांकडे हवापालट होतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘मनाला लावून घेऊ नकोस’ किंवा आपल्या इंदुरी थाटात ‘टेन्शन मत लो’ असं सांगून जातो. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. या माणसाच्या शरीरात कुठे काही धुमसतंय का, हे कोणी पाहत नाही.

माझी मागणी अशी आहे. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे नीट घेऊनही माणूस सावरला नाही, तर तिसरं औषध लिहिण्याआधी त्याचं रक्त तपासलं जावं, त्या तपासण्यांत शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारी सीआरपी असावी, आणि फिजिशियनने त्याला एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासावं. सरकारी दवाखान्यात हा नियम असावा आणि त्यासाठी पेशंटला पैसे पडू नयेत.

मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी सगळी नोकरी झाली. सीआरपीचे नमुने हाताखालून किती गेले याची मोजदाद नाही. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडायला लागतं. हाडांच्या डॉक्टरांकडून, सर्जरीच्या वॉर्डातून, तापाच्या पेशंटचे असे नमुने यायचे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तर रात्रंदिवस तेच काम होतं. मनोविकारतज्ज्ञांची मागणी मात्र ठरलेली असायची. थायरॉइड, शुगर, लिव्हर, लिथियमची पातळी. त्यांच्या पर्चीवर सीआरपी लिहिलेली मला आठवत नाही. यात त्यांचा दोष आहे असं मी म्हणत नाही, त्या काळी तसं कोणी शिकवतच नव्हतं. पण आता पुरावा इतका जमा झालाय की न पाहण्याला कारण उरलेलं नाही.

आधी औषधं बदलत राहण्याने काय हाती लागतं ते पाहू. अमेरिकेत जवळपास चार हजार पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोकांची लक्षणं पूर्ण गेली. दुसऱ्या टप्प्यावर तीसएक टक्के. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर मात्र शंभरात तेरा-चौदा. पुढे काही संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि हेसुद्धा फुगवून सांगितलेलं आहे असं म्हटलं. तो वाद बाजूला ठेवला तरी दोन औषधं हरल्यावर तिसऱ्याकडून फार आशा धरता येत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. दोन औषधांना दाद न देणाऱ्या आजाराला डॉक्टर वेगळं नाव देतात ते याच कारणाने. नाव वेगळं दिलं की तपासही वेगळा व्हायला हवा. तो होत नाही, हे माझं दुखणं आहे.

आता प्रतिकारशक्तीचा आणि मनाचा संबंध. मला यातला सगळ्यांत ठोस पुरावा हिपॅटायटिस सीच्या पेशंटमध्ये दिसतो. आज त्या आजाराला गोळ्या आहेत, तीन महिन्यांत बहुतेक लोक बरे होतात. त्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं कित्येक महिने घ्यावी लागत. इंटरफेरॉन हे काही परकं रसायन नाही. विषाणूशी लढताना आपल्याच पेशी ते बनवतात, औषध म्हणून ते मोठ्या मात्रेत देत. आणि ते घेणाऱ्यांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश लोकांना उपचार चालू असतानाच नैराश्य यायचं. पांढऱ्या पेशी मोजायला हे पेशंट आमच्याकडे नियमाने येत. सुरुवातीला बाकावर बसून गप्पा मारणारा माणूस दोन-तीन महिन्यांनी भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसे. नाव पुकारलं तरी पटकन उठत नसे. आम्हाला वाटायचं, आजाराने खचला असेल. खरं तर त्याच्या घरी, धंद्यात, नात्यांत त्या दोन-तीन महिन्यांत काहीही बिघडलेलं नसायचं. प्रतिकारयंत्रणेला दिलेल्या चिथावणीनेच मन खाली ओढलं गेलं होतं.

हे फक्त वाटणं नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्वचेच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना इंजेक्शनं सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात ४५ टक्के लोकांना मोठं नैराश्य आलं, औषधाच्या गटात ११ टक्के लोकांना. म्हणजे रक्तात टोचलेल्या एका प्रथिनाने आजार येतो आणि मेंदूवरच्या औषधाने तो बऱ्याच अंशी टळतो. शरीराचा आजार वेगळा आणि मनाचा वेगळा असं ज्यांना ठामपणे वाटतं, त्यांनी या प्रयोगाकडे निदान एकदा पाहावं.

असं का होत असावं, याचा मागही बराच लागलाय. आपण तापाने फणफणलो की काय होतं ते आठवा. जेवण नको, बोलणं नको, दिव्याचा उजेड नको, अंथरुणात तोंड खुपसून पडून राहावंसं वाटतं. कुत्र्या-मांजरांतही हेच दिसतं. पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात, ते रक्तातून आणि व्हेगस नसेतून मेंदूपर्यंत पोचतात, आणि मेंदू शरीराला गप्प पडून राहायला लावतो. ताकद वाचते, ती लढाईला वापरता येते. चार दिवसांत ताप उतरतो आणि माणूस पुन्हा चहा मागतो. पण हेच निरोप मंद आवाजात महिनोन्‌महिने चालू राहिले तर? भूक गेलेली, झोप बिघडलेली, कशातच रस नाही, अंगात त्राण नाही. नैराश्याच्या लक्षणांची यादी काढली तर निम्मी यादी इथेच होते.

त्यातली रसायनांची बाजू थोडक्यात सांगते, कारण औषधं का हरतात याचा एक खुलासा तिथे आहे. आहारातल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर सिरोटोनिन बनवतं. दाह चालू असताना आयडीओ नावाचं एन्झाइम जोर धरतं आणि ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला लावतं. त्या वाटेवर किन्युरेनिन आणि पुढे क्विनोलिनिक ॲसिड तयार होतं, जे मेंदूच्या पेशींना चेतवतं आणि जास्त झालं तर बाधतं. नेहमीच्या गोळ्या असलेलं सिरोटोनिन जास्त वेळ कामाला लावतात. कच्चा मालच दुसरीकडे वळत असेल, आणि भर म्हणून मेंदूला बाधणारं काही तयार होत असेल, तर गोळी एकटी किती पुरी पडणार? हा खुलासा अजून पूर्ण सिद्ध झालेला नाही. पण त्याला आधार आहे, आणि ज्यांना गोळी लागू पडत नाही त्यांच्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे.

लोकसंख्येच्या पातळीवरही हेच दिसतं. डेन्मार्कमध्ये ३५ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्गासाठी कधी ना कधी हॉस्पिटलमध्ये राहावं लागलेल्यांना पुढे नैराश्यासारखा आजार होण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी जास्त निघालं. ज्यांच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच शरीरावर हल्ला केला होता अशांमध्ये, म्हणजे आमवात, सोरायसिस वगैरेंमध्ये, ४५ टक्क्यांनी जास्त. इंग्लंडात ब्रिस्टॉलजवळच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झालाय. तिथे नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे दाहाचं प्रथिन जास्त होतं, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य असण्याची शक्यता ते सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारे दीडपट होती. आजाराने माणूस खचला आणि म्हणून दाह वाढला, असं इथे म्हणता येत नाही. दाह आधी दिसलाय.

आणि तरीही, नैराश्य म्हणजे दाहच, असं मी कुठेही म्हणत नाही. बऱ्याच अभ्यासांची मिळून जी बेरीज झाली आहे तिच्यानुसार नैराश्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर असते. उरलेल्या तीन हिश्श्यांत नसते. ज्याच्या रक्तात दाह नाही त्याला दाहावरचं औषध देण्यात अर्थ नाही. यावर २०१३ मध्ये एमरीच्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग फार बोलका आहे. औषधांना दाद न देणाऱ्या ६० पेशंटपैकी निम्म्यांना इन्फ्लिक्सिमॅब दिलं, आमवातात वापरतात ते, दाहाची एक मुख्य किल्ली बंद करणारं औषध. उरलेल्यांना साधं सलाइन. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. प्रयोग फसला असं म्हणून विषय संपला असता. पण त्यांनी सीआरपीनुसार पेशंट वेगळे केले तेव्हा चित्र बदललं. ज्यांची सीआरपी ५ च्या वर होती त्यांना औषधाने आराम पडलेला दिसला, आणि ज्यांची कमी होती त्यांच्यात उलट सलाइनचाच गट बरा निघाला. पेशंट थोडे होते, त्यामुळे यावर घर बांधता येत नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की काय हातचं जातं, ते यात दिसतं.

मग हे औषध आपल्याकडे आणा, अशी माझी मागणी आहे का? मुळीच नाही. त्याची किंमत आपल्या सरकारी दवाखान्याला झेपणारी नाही हे एक. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ही औषधं शरीरात दबून बसलेला क्षय जागा करतात. जगातल्या क्षयाच्या पेशंटपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहेत, आणि दबलेला क्षय तर आपल्याकडे घरोघरी असतो. अमेरिकेत जे औषध विचार करून देता येतं, ते आपल्याकडे अतिशय जपून द्यावं लागेल. मिनोसायक्लिन या स्वस्त अँटिबायोटिकचेही प्रयोग झाले. लंडनच्या एका छोट्या प्रयोगात सीआरपी जास्त असलेल्यांना फायदा दिसला, तर जर्मनीत सरसकट पेशंट घेऊन केलेला मोठा प्रयोग २०२२ मध्ये निष्फळ ठरला. म्हणून कोणी या लेखावरून मेडिकलमधून अँटिबायोटिक किंवा सूज उतरवायच्या गोळ्या आणून घरी सुरू केल्या, तर ते थेट नुकसान आहे. चालू असलेली नैराश्याची गोळी आपल्या मनाने बंद करणं हे त्याहून मोठं नुकसान.

मग सीआरपी तपासून करायचं काय? हा प्रश्न मला एका तरुण डॉक्टरनेच विचारला, आणि तो रास्त आहे.

एक म्हणजे औषधाची निवड. २०१४ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासातून असं दिसलं की सीआरपी १ च्या खाली असलेल्यांना एसिटॅलोप्राम जास्त मानवतं आणि १ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. एसिटॅलोप्राम आपल्याकडे सर्रास लिहितात. नॉरट्रिप्टिलिन जुनं, स्वस्त आणि इंदूरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं औषध आहे. त्याच्यासाठी हृदयाचा ईसीजी पाहावा लागतो, जास्त डोस घेतला गेला तर ते धोक्याचं असतं, म्हणून निर्णय डॉक्टरचाच. पण निर्णयाला आधार म्हणून काहीशे रुपयांच्या तपासणीचा आकडा हाताशी असणं आणि नसणं यात फरक आहे.

दुसरं, आणि आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं, म्हणजे सीआरपी वाढलेली दिसली की डॉक्टरला कारण शोधायला लागतं. कधी किडलेली दाढ आणि सुजलेल्या हिरड्या निघतात. कधी लघवीचा जुना संसर्ग, कधी क्षय, कधी आमवात, कधी पोटावरची चरबी आणि ताब्यात नसलेली शुगर. त्याच रक्तात थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघितलं की आणखी काही उलगडतं. आपल्या शाकाहारी घरांतून बी-१२ कमी असणं किती सामान्य आहे हे लॅबमध्ये बसलेल्या कोणालाही विचारा. ही सगळी कारणं उपचार असलेली आहेत, आणि त्यातली बरीच स्वस्तात बरी होणारी आहेत.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचं सांगते, त्यांना विचारून. रामबागेत जुनं घर, घरात सासूबाई, दोन मुलं. तीन वर्षं नैराश्याचे उपचार चालू होते, दोन औषधं बदलून झाली होती. सकाळी उठल्यावर तासभर त्यांची हाताची मूठ वळत नसे. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरायच्या, ओलं फडकं पिळता यायचं नाही, कणीक मळायची ती साडेदहानंतर. घरचे म्हणायचे, डिप्रेशनवाल्यांना काही करावंसंच वाटत नाही. मनाच्या डॉक्टरांनी अंगदुखी नैराश्याच्या खात्यात टाकली. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि मन शांत ठेवा म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांची फाइल देवघराखालच्या खणात असायची, मनाच्या डॉक्टरांची कपाटात साड्यांच्या घडीखाली, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांची फाइल कधी पाहिली नाही, कारण वहिनींनी दोन्ही फाइली एकत्र कधी घराबाहेर काढल्याच नाहीत आणि त्यांना कोणी मागितल्याही नाहीत. शेवटी एका फिजिशियनने बोटांचे सांधे दाबून पाहिले आणि रक्त मागवलं. सीआरपी बरीच वाढलेली, आमवाताच्या दोन्ही तपासण्या सकारात्मक. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध सुरू झालं. काही महिन्यांत मूठ वळायला लागली. मनाची गोळी तीच राहिली, पण या खेपेला तिचा उपयोग दिसला. वहिनी भजनी मंडळात परत जायला लागल्या, घरात हसू ऐकू यायला लागलं. आजही वाईट दिवस येतात. एका बाईच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण तीन वर्षं ती बाई आळशी ठरत होती, हे मी विसरू शकत नाही.

तपासणी कोणती करायची यातही एक खोच आहे, आणि ती लॅबबाहेर कोणी सांगत नाही. अजूनही बऱ्याच छोट्या लॅबमध्ये सीआरपी लेटेक्स स्लाइडवर होते. काळ्या स्लाइडवर रक्तद्रवाचा एक थेंब, त्यात दुधट रंगाचा लेटेक्सचा थेंब, दोन मिनिटं स्लाइड हलवायची. गुठळ्या धरल्या तर पॉझिटिव्ह, नाही धरल्या तर निगेटिव्ह. ही तपासणी लिटरला साधारण ६ मिलिग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. तीव्र संसर्ग पकडायला ती पुरते. नैराश्यात जे पाहायचंय ते १, ३, ५ या पातळीवरचं आहे, तिथे स्लाइड आंधळी आहे. ‘सीआरपी निगेटिव्ह’ असा रिपोर्ट घेऊन पेशंट परत जातो आणि डॉक्टरही शरीराचा विषय सोडून देतात. म्हणून आकडा देणारी हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी हवी. रिपोर्टवरचं एककही बघायला हवं, कारण काही लॅब लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये, आणि ०.५ व ५ हे एकच असू शकतं. सर्दी-ताप असताना, नुकतीच दाढ काढलेली असताना केलेली तपासणी धरायची नाही. आकडा १० च्या वर गेला तर आधी संसर्ग शोधायचा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून मगच त्यावर बोलायचं. सरकारने नियम करायचा तर असा करावा, नाहीतर कागदावर तपासणी होईल आणि हाती काही लागणार नाही.

आता बाजाराचं. कोविडपासून ‘इम्युनिटी’ हा शब्द दुकानदारांच्या हाती लागलाय. काढे, चूर्णं, गोळ्या, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा तोच शब्द. उद्या कोणी लिहील की नैराश्य प्रतिकारशक्तीशी जोडलेलं आहे, म्हणून आमचं इम्युनिटी वाढवणारं टॉनिक घ्या. याच्या अगदी उलट खरं आहे. या पेशंटमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती गरज नसताना चालू राहिलेली असते. शेगडी मंद करायची सोडून त्यात लाकडं घालण्याचा हा प्रकार होईल. गुळवेलीचंच पाहा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. त्यात प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण ज्यांच्या घरात आमवात किंवा थायरॉइडसारखे स्वतःवर उलटणारे आजार आहेत त्यांनी प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’च्या नादी लागण्याआधी डॉक्टरला विचारायलाच हवं, एवढं तरी त्यातून घ्यावं.

मला सगळ्यांत जड जाणारा आक्षेप वेगळा आहे. आमचे एक जुने शिक्षक म्हणतात, माणसाचं दुःख तुम्ही रक्ताच्या थेंबात बसवताय. नोकरी गेली, मुलगा गेला, नवरा मारतो, त्याला सीआरपी काय करणार? हे मला मनापासून पटतं, आणि तरी मी त्यांच्याशी सहमत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत अभ्यास झाला. लहानपणी ज्यांना मारहाण, दुर्लक्ष, अत्याचार सोसावे लागले, त्यांच्या रक्तात वीस-तीस वर्षांनंतरही दाह जास्त दिसला. म्हणजे घरातला जुलूम, गरिबी, अपमान हे रक्तात उतरतात. रक्त पाहिल्याने दुःख लहान होत नाही. उलट ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं त्या माणसाला कोणी म्हणू शकत नाही. आणि ज्या बाईला नवरा मारतो तिला गोळीच्या आधी संरक्षण मिळालं पाहिजे, हे सीआरपी केल्याने खोटं ठरत नाही. समुपदेशन, नीट घेतलेली सायकोथेरपी, गरज पडली तर भूल देऊन केलेली ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा सौम्य झटका, हे सगळे उपचार आपल्या जागी आहेत. ईसीटी तर औषधांना दाद न देणाऱ्या आजारावर आजही सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी आहे, तिची भीती घालणं थांबायला हवं.

आणखी एक आक्षेप पैशाचा. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत सर्वेक्षण केलं, मध्य प्रदेश त्यात होता. नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत कोणताच उपचार पोचत नाही असं त्यात दिसलं. मग जे आधीच उपचार घेतायत त्यांच्यावर जास्त पैसे का घालायचे? मी उत्तर देते ते आमच्या मोहल्ल्याकडे बघून. वाड्यातला एक जण हिंमत करून मनाच्या डॉक्टरकडे गेला, वर्षभर गोळ्या खाल्ल्या, आणि तसाच राहिला, की त्याच्याकडे बोट दाखवून बाकीचे वीस जण जायचं टाळतात. ‘उन गोलियों से कुछ नहीं होता’ ही त्याची कहाणी सगळ्यांची होते. अडलेला एक पेशंट सुटला तर त्याच वाड्यातले दोन-चार जण दवाखान्याची पायरी चढतात.

इंदूरमध्ये ही सोय उभी करणं अवघड नाही. मध्य प्रदेशात सरकारी मानसिक रुग्णालयं दोनच आहेत, एक ग्वाल्हेरला आणि एक आपल्या बाणगंगेला. एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये फिजिशियन आहेत, सांध्यांचे आजार पाहणारे आहेत, लॅब आहे, मनोविकार विभागही आहे. कमी आहे ती या सगळ्यांनी एका टेबलाशी बसण्याची. आठवड्यातला एक दिवस ठरवावा, त्या दिवशी दोन औषधं हरलेले पेशंट बोलवावेत, मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन शेजारी बसावेत, रक्त तिथेच घ्यावं. बाणगंगेच्या पेशंटना बसमधून फिरवायची गरज नाही, फिजिशियनने महिन्यातून दोनदा तिकडे जावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २१ व्या कलमात मानसिक आजाराच्या पेशंटला शारीरिक आजाराच्या पेशंटइतकीच वागणूक आणि विमा कंपन्यांनी तसंच संरक्षण द्यावं असं लिहिलेलं आहे. सांधा दुखला म्हणून सीआरपी मिळते, तर मन दोन औषधांनी उठत नाही म्हणून का मिळू नये, हा प्रश्न त्या कलमाच्या आधारे कोणीही विचारू शकतो.

आणि या ओपीडीच्या नोंदी ठेवाव्यात. ३ आणि ५ या रेषा युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून आलेल्या आहेत. आपल्याकडे डास, दूषित पाणी, क्षय, हिरड्यांचे आजार, पोटावरची चरबी असं सगळंच जास्त, म्हणून आपली रेषा वेगळी असू शकते. इथल्या पेशंटवर कोणतं औषध चाललं, सीआरपी किती होती, कारण काय निघालं, सहा महिन्यांनी तो कसा आहे, एवढं नीट लिहून ठेवलं तर दोन-तीन वर्षांत इंदूरचे डॉक्टर माळव्यातल्या माणसाविषयी माळव्याचेच आकडे सांगू शकतील. त्यासाठी नवी इमारत नको, परदेशी यंत्र नको. एक वही, एक फ्रीज, आकडा देणारी तपासणी आणि आठवड्यातले तीन तास हवेत.

तोवर ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी पुढच्या भेटीला डॉक्टरला तीन गोष्टी विचाराव्यात. दोन्ही औषधं पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस झाली का? हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि शुगर एकदा बघता येईल का? आणि शरीराच्या इतर दुखण्यांचे कागद सोबत आणले तर बघाल का? मन फारच खचलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे.